जहांगीरचं ‘विजेचं लोखंड’: नोंदीतलं काय धरायचं, काय सोडायचं

१० एप्रिल १६२१ ला जालंधर परगण्यात आकाशातून लोखंड पडलं आणि जहांगीरने त्या ‘विजेच्या लोखंडा’च्या, म्हणजे विजेसारख्या कोसळलेल्या लोखंडाच्या, तलवारी घडवून घेतल्या, ही गोष्ट अधूनमधून फिरते. काही जण ती दंतकथा म्हणून उडवून लावतात, काही जण अक्षरन् अक्षर खरं धरतात. माझ्या मते दोघेही चुकतात. बादशहाच्या आत्मवृत्तातली ही नोंद वाक्यावाक्याने तपासायला हवी.

आधी न पटणारं. दहा-बारा गज जमीन होरपळलेली, गवताचा मागमूस नाही, खणावं तशी माती जास्त तापलेली आणि तळाशी भट्टीतून काढल्यासारखा गोळा, असं आमिल (महसूल अधिकारी) मुहम्मद सईदने सांगितलं. वजन भरलं १६० तोळे, म्हणजे साधारण दोन किलो. एवढ्या तुकड्याचा मूळ वेग हवेत खूप उंचावरच संपतो, मग तो साध्या दगडासारखा पडतो. लोखंडात उष्णता लवकर आत शिरते, त्यामुळे तो कोमट लागू शकेल. पण शेत जाळण्याइतकी धग त्याच्यात उरत नाही.

आता पाती घडवणाऱ्या उस्ताद दाऊदचा भाग, आणि इथे मी ठामपणे नोंदीच्या बाजूने आहे. लोखंड घणाखाली टिकेना, फुटू लागलं. मग तीन भाग हे आणि एक भाग साधं लोखंड असं मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी झाली. लोह-अशनीत, म्हणजे आकाशातून पडलेल्या लोखंडी तुकड्यात, ट्रॉयलाइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं संयुग असतं. लोखंडाच्या सोबतीने ते ९८८ अंश सेल्सिअसलाच वितळतं. घडाईची उष्णता त्याहून जास्त, म्हणून कणांच्या सांध्यात द्रव होतो आणि घाव बसताच धातू चिरतो. फॉस्फरसही असाच त्रास देतो. साधं लोखंड घातलं की हे दोष विरळ होतात. स्वतःची शान मिरवणारा बादशहा ‘लोखंड फुटलं’ असं रचून लिहीत नाही!

वजनाचा हिशोबही बसतो. १६० तोळ्यांत ५३ मिळवले की २१३, म्हणजे सुमारे अडीच किलो. भट्टीत पापुद्रे होऊन जाणारं वजा केलं तर चार पाती जेमतेम निघतात.

त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात आहे, तिच्यावर लेख कोरलेला आहे. तिच्यावर विडमानश्टेटन नक्षी शोधू नका. ती आडव्यातिडव्या पट्ट्यांची नक्षी न घडवलेल्या तुकड्यात, कापून, घासून, सौम्य आम्ल लावल्यावर दिसते. पातं लालभडक करून ठोकलं की ती मोडते. पात्यावरच्या लहरी घडाईतल्या थरांच्याही असू शकतात, त्यावरून ‘उल्केची तलवार’ म्हणून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पातं खरंच आकाशातल्या लोखंडाचं आहे का, हे पाहायला त्यातलं निकेल आणि कोबाल्ट मोजावं. मूळ तुकड्यात ८ टक्के निकेल असेल, तर तीनास एक मिश्रणात ते ६ वर येतं. गंजलेल्या पृष्ठभागावरचा आकडा फसवा असतो, कारण गंजात निकेलचं प्रमाण बदलतं. क्ष-किरण यंत्र धरायचं ते स्वच्छ धातूवर, आणि एकाऐवजी अनेक ठिकाणी, कारण मिसळण सगळीकडे सारखी नसते.