टिपा घातल्यावर जिरेल म्हणे!

काल रात्री साडेअकराला सीम रिपर (टाके उसवायचं हत्यार) भिंतीवर टांगायला केलेल्या गोधडीच्या कापडात घुसला. पाऊण इंचाची चीर! तीही काठाला नाही, मधल्या तुकड्याला. ज्याला वाचवायला तीन रात्री उसवत बसले होते, नेमकं त्यालाच. गडद निळ्या कापडावर गडद निळा दोरा. का, तर टीप दिसता कामा नये. नाहीच दिसत. उसवतानाही दिसत नाही! दिव्याखाली नाक लावून, चिमट्याने एकेक टोक शोधून, दर चौथा टाका कापायचा, मग कापड उलटं करून मागचा दोरा ओढायचा. इंचाला दहा टाके. एका बाजूच्या काठाची एकटी शिवणच चारशेच्या वर टाक्यांची. त्या शिवणीपर्यंत पोचायला आधी कडेचा गोट काढला, मग काठावरच्या सगळ्या टिपा, मग मधल्या तुकड्यात दोन इंच आतपर्यंतच्या. आणि शेवटची वीतभर राहिली असताना हे.

हे सगळं एका शब्दापायी. जिरेल.

काठ जोडले तेव्हाच मला ते लाटांसारखे फुललेले दिसत होते. मी विचारलंही होतं. एकीने नाही, तिघींनी सांगितलं, अगं, टिपा घातल्यावर जिरेल. काय जिरेल? मधला तुकडा मधोमध मोजला तर ४० इंच आणि काठाची पट्टी साडेएकेचाळीस. ते दीड इंच कापड जाणार कुठे? टिपांनी त्या लाटांच्या चुण्या केल्या आणि कायमच्या खिळवून ठेवल्या, एवढंच झालं. आधी निदान पट्टी काढून परत लावता आली असती, दहा मिनिटांचं काम होतं. आता वरचं कापड, आतलं भरण आणि अस्तर असे तीन थर टिपांनी एकमेकांत अडकलेत.

आणि नमुन्याच्या पुस्तिकेत काय लिहिलंय? ‘लांब पट्टी जोडा, उरलेली कापून टाका.’ कापून टाका! अरे, मधला तुकडा वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजून, सरासरी काढून, दोन्ही पट्ट्या आधी तेवढ्याच कापायच्या असतात. मग मध्य आणि टोकं टाचून बाकीचं मध्ये बसवायचं. हे एका ओळीत लिहिता आलं असतं. पट्टी आडव्या धाग्यात कापलेली, ती उभ्यापेक्षा जास्त ताणते. त्यात ती खाली ठेवून शिवली, आणि मशीनचे दात खालचं कापड वरच्यापेक्षा जास्त ओढून घेतात. जेवढी मिळेल तेवढी पट्टी मशीनने खाल्ली. वाढणार नाही तर काय होणार?

त्याच पुस्तिकेचं शेवटचं वाक्य आहे, ‘आवडीप्रमाणे टिपा घाला.’ या वाक्याचा मला वर्षानुवर्षं राग आहे. शिवणीच्या पाव इंच मार्जिनवर दोन पानं आणि जिथे खरं काम सुरू होतं तिथे तीन शब्द! काठावर दाट टिपा आणि मध्ये विरळ टाकल्या की मधला भाग झोळ सोडतो, हे मला गोधडी टांगल्यावर कळलं. पांघरायची असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पलंगावर सगळं खपतं. भिंतीवर प्रत्येक लाट सावली पाडते, आणि दुपारी तिरपा उजेड आला की विचारूच नका.

वाफेचा सल्ला देणाऱ्यांनी तर माझ्यासमोर येऊच नये. दिली वाफ. ओली करून, चौकोनात ताणून, टाचण्या लावून दोन दिवस वाळवलीही. टांगल्यावर तिसऱ्या दिवशी लाटा परत. आत पॉलिएस्टरचा थर, त्याच्यावर इस्त्री जरा जास्त टेकली तिथे तो चपटा झाला तो झालाच. आणि त्या इस्त्रीने पाण्याने जाणारं निळं पेनही कायमचं बसवलं. पाकिटावर बारीक अक्षरात असतं म्हणे, आधी धुवा, मग इस्त्री. म्हणे!

“खालच्या नेफ्यात काठी घाल, सरळ होईल.” घातली. खालची कड सरळ झाली. बाजूंचं काय?

“लांबून बघ ना, छान दिसतंय.” हे काल ऐकलं, हातात चिमटा असताना. मी लांबून का बघू? सहा महिने मी ते सहा इंचांवरून बघितलंय. त्यातला प्रत्येक कोपरा जुळवलाय, न जुळलेला उसवून परत जुळवलाय. लांबून बघायचं असतं तर छापील कापड टांगलं असतं. माझ्या कामातली चूक मला दिसते, ती दुरुस्त करायचा मला हक्क आहे, आणि त्यासाठी मला कुणाची समजूत नको आहे.

चिरेवर आता कापडाचं एक पान शिवावं लागणार. नमुन्यात तिथे पान नाही. असेल आता.

नव्या पट्ट्या कापून ठेवल्यात, यावेळी उभ्या धाग्यात. दोन्ही ४० इंच, टेप दोनदा लावून. आज रात्री दुसरी बाजू उसवायची आहे, पांढऱ्या दिव्याखाली. मशीनमध्ये लाल दोरा भरून ठेवलाय, काठ टाचून बघायला. दिसू दे.