‘हौशी पोरं’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

पोलंडमध्ये, युक्रेनच्या सीमेजवळच्या प्शेमिशल स्टेशनवर युद्धातून पळून आलेल्यांना आम्ही विद्यार्थिनींनी आधार दिला, त्यावरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. ‘मानसशास्त्राच्या अर्धवट शिकलेल्या हौशी पोरांनी युद्धाने पोळलेल्यांच्या जखमा उकरल्या आणि फोटो काढून घेतले,’ असं आपण लिहिता. माझ्या लेखात एकही फोटो नव्हता. असो. मनोविकारतज्ज्ञाच्या लेखणीत एवढी तुच्छता बघून वाईट वाटलं. ‘बावीस वर्षं प्रॅक्टिस’ लिहायला विसरला नाहीत, नाव तेवढं विसरलात.

एक चूक कबूल. लेखात ‘समुपदेशन’ शब्द दोनदा आला, तो नको होता. आम्ही करत होतो तो मानसिक प्रथमोपचार.

आता ‘उकरणं’. जागतिक आरोग्य संघटनेची यावरची पुस्तिका २०११ सालची आहे. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढंच तिचं सांगणं. काय घडलं ते खोदून विचारू नका, हेही त्यातच आहे. मार्च २०२२ मध्ये मी पोलंडमध्ये क्राकोला एम.ए. करत होते. प्शेमिशलला युक्रेनमधल्या ल्विवहून गाडी यायची (युक्रेनचे रूळ रुंद, म्हणून तिचा फलाट वेगळा) आणि उतरायच्या त्या बहुतेक बायका, मुलं, म्हाताऱ्या. अठरा ते साठच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती.

एका बाईच्या सॅकमध्ये मांजर होतं आणि हाताला सहा-सात वर्षांचा मुलगा. तिला मी काय विचारलं असेल? ‘चार्जर कुठला लागतो?’ नवरा तिकडे राहिलेला आणि फोन बंद पडलेला. पोरगा तोंडातून शब्द काढेना. मी फरशीवर बसून मांजराचं चित्र काढलं, ते इतकं वाईट झालं की त्याने खडू हिसकावून घेतला आणि मिशा स्वतः काढल्या. फोन सुरू झाला, मेसेज आला, तशी ती तिथेच मटकन बसून रडायला लागली. मी पाणी घेऊन शेजारी बसले, वीसेक मिनिटं. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. याला तुम्ही उकरणं म्हणता? सांगा ना, साहेब.

आणि निर्वासित म्हणजे काय हे तुमच्याकडून शिकायची वेळ माझ्यावर आलेली नाही. माझं आजोळ कोल्हापूरजवळचं वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते ४८. माझे पणजोबा तिथे दुधाचा रतीब घालायचे. पुढे फाळणीनंतर तिथेच सिंधी कुटुंबं आली, आज त्याला गांधीनगर म्हणतात. ‘पोलंडच्या बायका दुधाचे पैसे कधी बुडवायच्या नाहीत’ हे मी पाळण्यात ऐकलंय.

बाकी मुद्दे किरकोळ. भाषा म्हणाल तर मला पोलिश येते, त्या बायकांना ती बरीचशी समजायची. देखरेख म्हणाल तर आमच्या मॅडम रोज रात्री एकेकीला बसवून विचारायच्या. ते लिहिलं नाही, कारण कंटाळवाणं होतं.

शेवटी आपण विचारलंत, ‘तीन आठवड्यांनी तुमची परीक्षा आली, तुम्ही निघालात, मग त्या पोराचं काय?’ हा प्रश्न लेखाच्या विषयाला धरून नाही. ते दोघं त्याच रात्री वॉर्सॉच्या गाडीत बसले. तिकडे कुणीतरी असेलच की.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी द्या. नाहीतर छापणार नाही.