धुराचा त्रास नाही ना?

सिगारेट ओढणाऱ्यांत सभ्य माणसं पुष्कळ असतात आणि माझी खरी पंचाईत त्यांच्याचमुळे होते. असभ्य माणूस परवडतो. तो सरळ तोंडावर धूर सोडतो, आपण सरळ उठून जातो, विषय संपला. सभ्य माणूस आधी सिगारेट पेटवतो आणि मग विचारतो, ‘‘तुला धुराचा त्रास नाही ना?’’ आपण सवयीने ‘‘छे छे, चालू दे’’ म्हणून बसतो. त्यानंतर तो आपली इतकी काळजी घेतो की काही बोलायची सोयच उरत नाही. झुरका घेतला की मान वळवतो, ओठांचा चंबू करतो, धूर छताच्या दिशेने सोडतो, वर पंखा कुठल्या बाजूला फिरतोय तेही बघून घेतो. एवढं सगळं चालू असताना सिगारेट धरलेला हात कुठे असतो? टेबलावर कोपर टेकवून, पेटलेलं टोक माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. एक सिगारेट साधारण पाच ते सात मिनिटं चालते. तेवढ्यात माणूस दहा-बारा झुरके घेतो आणि एकेक झुरका दोनेक सेकंदांचा असतो. म्हणजे ओढणाऱ्याच्या वाट्याला आली वीस-पंचवीस सेकंदं. बाकीचा सगळा वेळ त्या सिगारेटचं लोकार्पण झालेलं असतं. खोलीत साचतो तो धूर मुख्यतः या नुसत्या जळत्या टोकाचा. तोंडातून सोडलेल्या धुराचा वाटा त्यात कमीच. त्यातून झुरका घेताना टोक नऊशे अंशांच्या आसपास तापतं, पण नुसती धरलेली सिगारेट त्याहून बऱ्याच कमी तापमानाला धुमसते आणि धुमसणारी वस्तू अर्धवट जळून जास्त घाण सोडते. राहता राहिला फिल्टर. तो त्याच्या बाजूला. गाळलेला धूर त्याला, बिनगाळलेला मला. आणि पैसे त्याने मोजलेत, म्हणून तक्रार करायचीही चोरी.

तेव्हा धूम्रपानातली सभ्यता हा मानेचा विषयच नाही, मनगटाचा आहे. मान सरळ ठेवली तरी चालेल, पण दोन झुरक्यांच्या मध्ये हात कुठे जातो ते बघायचं. काही जण हात टेबलाखाली धरतात आणि आपण त्याग केल्याच्या समाधानात बसतात. धूर गरम असतो, तो वर येतोच, फक्त आता शर्टाच्या आतून येतो. हात खाली नेऊन भागत नाही. बाजूला न्यावा लागतो, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला.

वारा कुठून येतोय हे टपरीवर फुकट कळतं. खांबाला काथ्याची पेटती दोरी लटकलेली असेल तर तिच्याकडे बघायचं. आता पुष्कळ ठिकाणी दोऱ्याला बांधलेला लायटर आलाय, तिथे कटिंग चहाची वाफ बघायची. वाफ ज्या अंगाला वाकते त्या अंगाला ओढणाऱ्याने उभं राहावं, न ओढणाऱ्याने बरोबर समोरच्या अंगाला. नियम इतका सोपा आहे, पण आपण उभे राहतो ते रिंगण करून, आणि रिंगण केलं की कोणी ना कोणी धुराच्या वाटेत येणारच. ओळीत उभं राहिलं तर भागतं, पण ओळीत उभं राहून साहेबाची निंदा करण्यात मजा येत नाही.

दुसरी चूक आडोशाची. काडी विझू नये म्हणून ओढणारा टपरीच्या पत्र्यामागे जातो, ते ठीक. पण पेटल्यावरही तिथेच थांबतो. पत्र्यावरून आलेला वारा मागच्या बाजूला गिरक्या घेत घुटमळतो, धूर तिथून हलत नाही आणि समोरून बस गेली की सगळा लोट एकदम चहा पिणाऱ्यांवर येतो. पेटवावी आडोशाला, ओढावी उघड्यावर, एवढंच मागणं आहे.

या बाबतीत बिडीवाल्याइतका सज्जन माणूस नाही. बिडीचा वास उग्र असतो हे मान्य. पण बिडी टेंभुर्णीच्या पानाची, ओढत राहिलं नाही तर विझते. ती हातात धरून जागतिक राजकारणावर बोलता येत नाही. बोलायला लागलं की पुन्हा काडी ओढावी लागते, म्हणून बिडीवाले मुद्द्याचं बोलतात. सिगारेटच्या कागदाची सोय उलटी, न ओढताही ती शेवटपर्यंत जळत राहते, त्यामुळे गप्पाही.

आता कायदा. सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी असावी यासाठी मुंबईचेच काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २००१ साली न्यायालयाने तसा आदेश दिला, २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. पाटी किती मोठी हवी तेही ठरलेलं आहे, किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर. पाटी लावणारे ती नेमाने लावतात आणि ओढणारे नेमाने तिच्याखाली उभे राहतात, कारण बहुधा तिथेच जरा सावली असते. तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नावही तिथे लिहिलेलं असावं असा नियम आहे. ते नाव कधी वाचायला मिळालंच, तर तो गृहस्थ कुठे आहे याची चौकशी करून बघा. खाली ओढायला गेलेला असण्याची शक्यता बरीच.

तीस किंवा त्याहून जास्त माणसं बसतील अशा रेस्टॉरंटला ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवता येते. नियम वाचला तर मन भरून येतं. चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार, आतली हवा थेट बाहेर टाकणारी यंत्रणा आणि आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी. या शेवटच्या अटीतच सगळी मेख आहे. दाब कमी असला की दार उघडल्यावर बाहेरची हवा आत जाते, आतला धूर बाहेर येत नाही. प्रत्यक्षात काय होतं? वीज वाचवायची म्हणून एक्झॉस्ट बंद, किंवा त्याच्या पात्यांवर तेलकट धुळीचा बोटभर थर. सेंट्रल एसी चालू असतो, तो आत हवा ढकलत राहतो. दाब उलटा होतो आणि दार उघडलं की आतला धूर बाहेरच्या फॅमिली सेक्शनला भेटायला येतो. दार आपोआप बंद व्हायला हवं, तर ते सारखं पाठीला लागतं म्हणून कोणीतरी तिथे खुर्ची अडकवून ठेवलेली असते. २०१७ पासून त्या खोलीत काही वाढायलाही मनाई आहे. म्हणजे सिगारेट आत आणि चकणा बाहेर. दोन्ही आघाड्या सांभाळणारा माणूस मग अर्धा आत, अर्धा बाहेर असा उंबरठ्यावर उभा राहतो आणि दार कायमचं उघडं राहतं. तपासायचं असेल तर दाराच्या फटीपाशी कागदी रुमालाची पट्टी धरा. ती आत ओढली गेली तर खोली नियमात आहे. बाहेर फडफडली तर टेबल बदला.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो रेल्वेचा कायदा. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १६७ वं कलम आहे. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर ओढायची नाही, असं ते आधी सांगतं. दंड शंभर रुपयांपर्यंत. रेल्वेला सरसकट मनाई करायचा अधिकारही त्यातच आहे, पण सुरुवात त्या हरकतीपासून होते. कायदा करणाऱ्यांना आपली माणसं हरकत घेतील असं का वाटलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपण हरकत घेत नाही. आपण खोकतो.

खोकणं ही न ओढणाऱ्यांची राष्ट्रभाषा आहे. धूर पोचायच्या आधीच खोकला सुरू होतो, ओढणाऱ्याला तो नाटकी आहे हे कळतं आणि तो आणखी सावकाश ओढायला लागतो. दुसरा प्रकार नाकासमोर हात हलवण्याचा. त्याने धूर जात नाही, आजूबाजूचाही आपल्याकडे ओढला जातो. तिसरा प्रकार प्रवचनाचा. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सरकारने भयंकर चित्रासकट इशारा छापलेला आहे. ते चित्र दिवसाकाठी अनेकदा खिशातून काढून बघणाऱ्या माणसाला आपण ‘‘कॅन्सर होतो बरं का’’ ही बातमी नव्याने देतो. त्याने तुमच्या फुप्फुसांचं वाईट केलं म्हणून तुम्ही त्याच्या फुप्फुसांचं भलं करायला जाऊ नये. भांडण हवेचं आहे, तेवढंच ठेवावं. घरात बंद खिडक्यांत धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल एकदम लावणाऱ्यांनी तर आवाज जरा खालीच ठेवावा.

सांगायचं असेल तर वेळ गाठावी लागते. ओढणारा माणूस सिगारेट काढण्याआधी खिसे चाचपतो, आधी शर्टाचा, मग पँटचे दोन्ही. पाकीट बाहेर येतं, सिगारेट पाकिटावर दोनदा आपटली जाते, मग ओठांत जाते, मग काडेपेटीचा शोध. हा सगळा कार्यक्रम अर्ध्या मिनिटाचा असतो आणि बोलायची मुदत तेवढीच. पेटण्याआधी ‘‘जरा खिडकीशी जातोस का, मला धूर सोसत नाही’’ म्हटलं की शंभरातले नव्वद जण खरोखर जातात. पेटल्यानंतर तेच वाक्य बोललात तर तुम्ही त्याला पैसे विझवायला सांगताय. विझवून ठेवलेली सिगारेट पुन्हा पेटवली की जळक्या राखेसारखी लागते, हे त्यालाही माहीत असतं. ‘‘दोनच झुरके राहिलेत’’ असं उत्तर येतं आणि त्या दोन झुरक्यांची लांबी द्रौपदीच्या वस्त्रासारखी वाढत जाते.

इमारतीतला धूर वेगळा, त्याच्यामागचा माणूसच दिसत नाही. बायकोला कळू नये म्हणून गृहस्थ बाथरूममध्ये ओढतात, एक्झॉस्ट लावून. एक्झॉस्ट धूर बाहेर नाही, डक्टमध्ये टाकतो. ज्यांचा पंखा बंद आहे त्यांच्या पंख्याच्या मागच्या पट्ट्या मिटलेल्या असायला हव्यात, पण त्या धुळीने अर्ध्या उघड्याच अडकलेल्या असतात. परिणामी दुसऱ्या मजल्यावर पेटलेली सिगारेट चौथ्या मजल्यावरच्या काकू अंघोळ करताना ओढतात. इलाज दोन. काकूंनी पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून मोकळ्या कराव्यात, आणि गृहस्थांनी बायकोला सांगून टाकावं. तिला माहीत आहे. पडद्यांना वास येतो, उजव्या हाताची दोन बोटं पिवळी आहेत आणि बडीशेपेचं इतकं प्रेम कोणालाच नसतं.

लिफ्टचंही तसंच. शेवटचा झुरका घेऊन थोटूक फेकलं की धूर संपला असं ओढणाऱ्याला वाटतं. छातीतला शिल्लक धूर पुढे मिनिटभर तरी श्वासासोबत बाहेर येत राहतो. तेवढं खाली थांबून मग लिफ्टमध्ये शिरावं, किंवा पहिले तीन मजले जिन्याने चढावेत, त्यात इतरही माहिती मिळते.

ओढणाऱ्यांना हे जमत नाही असं कोणी सांगू नये. कोपऱ्यावरून वडिलांचे मित्र येताना दिसले की काय होतं ते बघा. सिगारेट क्षणात उलटी होऊन तळहाताच्या आत जाते, हात पाठीमागे जातो, तोंडातला धूर तोंडातच जिरतो, माणूस दोन पावलं मागे सरकून वारा जिकडे वाहतोय बरोबर त्या बाजूला उभा राहतो आणि ‘‘काय काका, कसं काय?’’ हे शब्द एका कणाइतकाही धूर न सोडता बाहेर येतात. मनगट, वारा, अंतर, श्वास, सगळं बिनचूक. काका बोलत राहिले तर बोटाला चटका बसेपर्यंत ही साधना चालते. मी केस पांढरे होण्याची वाट बघतोय ती यासाठीच.

न ओढणाऱ्यांच्या गोटात आणखी एक घुसखोर असतो, त्याचाही हिशेब करायला हवा. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू-गुटखा-मिश्रीवाले २४.४ टक्के. म्हणजे धुराला नाक मुरडणाऱ्यांत तोंडात बार भरलेले पुष्कळ. ‘‘आम्ही नाही बुवा त्या सिगारेटच्या नादाला’’ असं ते म्हणतात, पण मान वर करून म्हणतात, नाहीतर सांडेल. गोव्याने १९९७ साली कायदा केला तेव्हा ओढणं आणि थुंकणं एकाच कायद्यात बसवलं, ते मला फार योग्य वाटतं.

शेवटी थोटूक. फिल्टर कापसाचा दिसतो, पण तो सेल्युलोज ॲसिटेटचा असतो, म्हणजे प्लास्टिकच, लवकर कुजत नाही. तो चहाच्या अर्ध्या कपात टाकू नये, कारण कप उचलणाऱ्या पोराला त्यात बोटं घालावी लागतात. आणि बाल्कनीतल्या कुंडीत तर मुळीच खोचू नये. हल्ली कुंड्यांत मातीपेक्षा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त. उन्हाळ्यात ते वाळलं की थोटकाने आतल्या आत धुमसतं, ज्वाळा दिसत नाही आणि तासाभराने प्लास्टिकची कुंडी वितळायला लागते. वरून कपभर पाणी ओतून उपयोग नसतो, वाळलेलं कोकोपीट पाणी पटकन धरत नाही, ते कडेने निघून जातं. कुंडी उचलून बादलीत बुडवावी आणि बुडबुडे थांबेपर्यंत तशीच ठेवावी. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर पाणी कसलं पडलं ते समजावून सांगावं.