एक किलोमीटर नेमका कुठून मोजायचा?

आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के मोफत जागांच्या, अर्जांचे दिवस आले की मुलीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. त्याचा गोषवारा असा: २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने केलेला नियम बरोबर होता. घराजवळ एक किलोमीटरवर सरकारी शाळा असताना खासगी शाळेत फुकट जागा कशाला? ही अट कायद्यातलीच आहे. नियम टिकला असता तर सरकारी शाळा वाचल्या असत्या. कोर्टाने ऐनवेळी घोळ घातला. आणि या मुलांची फी शेवटी आपल्याच खिशातून जाते. खाली अंगठ्यांची रांग. मी त्या ग्रुपमध्ये फी भरणारी पालक म्हणूनच आहे, त्यामुळे मेसेज माझ्याच बाजूचा असल्यासारखा वाटतो. पण त्यातली बहुतेक वाक्यं धड नाहीत.

"घराजवळ सरकारी शाळा असताना" इथूनच सुरुवात करू. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेत घराचा संबंधच नव्हता. ज्या विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, ती पंचवीस टक्क्यांतून बाहेर, असा तो नियम होता. म्हणजे अंतर मोजायचं शाळेपासून शाळेपर्यंत. मूल कुठे राहतं, वाटेत नाला आहे की रेल्वेचे रूळ, याच्याशी त्या मोजमापाला देणंघेणं नाही. पुण्या-मुंबईत कुठल्याही खासगी शाळेच्या दारात उभं राहा आणि एक किलोमीटरचं वर्तुळ काढा. पालिकेची नाहीतर अनुदानित शाळा त्यात सापडतेच. म्हणजे शहरातल्या जवळपास सगळ्या खासगी शाळा एका फटक्यात सुटल्या. मेसेज लिहिणाऱ्याने अधिसूचना वाचलेली दिसत नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांचं तर सोडाच.

"एक किलोमीटरची अट कायद्यातलीच" हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं निस्तरायला जास्त वेळ लागतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शेजारच्या शाळेची कल्पना आहे. नियमांत तिचं अंतर ठरवलं: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन. पण हे अंतर बांधतं कुणाला? सरकारला. कलम ६ म्हणतं, मुलाच्या परिसरात शाळा नसेल तर ती सरकारने आणि स्थानिक संस्थेने काढावी. पंचवीस टक्के जागांचं कलम वेगळं आहे, १२(१)(क). जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेने जागा देऊ नयेत, असं त्यात कुठेही नाही. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने नियम रद्द केला तो याच मुद्द्यावर: मूळ कायद्यात नसलेली सूट नियमाच्या वाटेने आणता येत नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. सरकारच्या डोक्यावरची जबाबदारी उचलून मुलाभोवती कुंपण म्हणून घालायची, हा उद्योग फेब्रुवारीत झाला होता. कर्नाटकात तसाच नियम २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयात टिकला, हे मेसेजवाल्यांच्या बाजूने सांगायला हवं. टिकल्यावर तिथल्या खासगी शाळांतल्या आरटीईच्या जागा रोडावल्या, हेही सांगायला हवं.

आता सरकारी शाळा वाचवण्याचा मुद्दा. यावर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण २०२४ च्या एप्रिलमध्ये मी हे जवळून पाहिलं.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंचा मुलगा पहिलीत जायचा होता. उत्पन्नाचा एक लाखाच्या आतला दाखला त्यांनी तहसील कचेरीत तीन हेलपाटे घालून आणला होता. नोंदणी केलेला भाडेकरार होता. एका दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या राहून आम्ही दोघी माझ्या मोबाइलवर अर्ज भरत होतो. नकाशावर घराच्या जागी लाल बलून ठेवायचा असतो. "ताई, तो फुगा आमच्या घरावर बसतच नाही, पलीकडच्या मंदिरावर जातोय," असं त्यांचं चाललेलं. पिठाच्या बोटांनी त्यांनी स्क्रीन इतकी ओढली की वस्ती सोडून आम्ही पार हायवेवर पोचलो. शेवटी बसला बलून. मग शाळांची यादी उघडली. पालिकेची, पालिकेची, अनुदानित, पालिकेची. त्यांनी ती दोनदा खालपर्यंत सरकवली आणि विचारलं, "या शाळेत तर असंच नाव घालतात ना? मग लॉटरी कशाला?"

त्या एका प्रश्नात नियमाचा सगळा डोलारा खाली येतो. पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशाला ना सोडत लागते, ना उत्पन्नाचा दाखला. त्या जागा आधीपासून खुल्याच होत्या. त्याच पोर्टलवर मांडून त्यांना आरटीईच्या जागा म्हटलं, एवढाच फरक. आकडे बोलके आहेत. २०२३-२४ ला ८,८२३ शाळांत १,०१,८४६ जागा होत्या आणि अर्ज आले होते ३,६४,४१३. नव्या नियमाने शाळा झाल्या सुमारे ७६ हजार, जागा साडेआठ लाखांच्या वर, आणि अर्ज सत्तर हजारांच्या आसपासच. उच्च न्यायालयाने मे महिन्यात नियमाला स्थगिती दिल्यावर खासगी शाळा पुन्हा यादीत आल्या, तेव्हा लाखभर जागांसाठी अडीच लाखांच्या घरात अर्ज गेले. नियमाने सरकारी शाळांकडे लोंढा वळला असता, तर तो अर्जांत दिसला असता. दिसली ती पाठ.

शिवाय सरकारी शाळांची इतकी कणव होती, तर आधीच्याच सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचं परिपत्रक कशासाठी निघालं? अशा १४,७८३ शाळा तेव्हा सरकारनेच मोजल्या होत्या. एका हाताने वाडीवरची शाळा दूर न्यायची आणि दुसऱ्या हाताने जवळच्या शाळेचं महत्त्व सांगायचं, हे काही जमत नाही.

कोर्टाने ऐनवेळी घोळ घातला म्हणणाऱ्यांनी तारखा ओळीने लावून बघाव्यात. नियम फेब्रुवारीत, म्हणजे प्रवेशांच्या तोंडावर. अर्ज एप्रिलच्या मध्यावर. स्थगिती ६ मेला. मग सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून, जूनमध्ये सोडत, आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत सोडतीची यादी थांबलेली. जुलै उलटत आला तरी मुलं घरी होती. ताईंचा मुलगाही. पण ऐनवेळी बदल कुणी केला होता?

फीच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारणार नाही. या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती म्हणून राज्य शाळेला वर्षाला एका मुलामागे १७,६७० रुपये ठरवतं, किंवा शाळेची फी त्याहून कमी असेल तर तेवढीच, आणि तीही वर्षानुवर्षं थकते. छोट्या, कमी फीच्या शाळांची यात खरोखर ओढाताण होते. पण बिल सरकारने थकवलं आहे, सहा वर्षांच्या पोराने नव्हे. उधारी बुडवणाऱ्याला सोडून गिऱ्हाइकाच्या मुलाला दुकानाबाहेर काढण्यातला हा प्रकार. शिवाय सवलतीच्या जमिनीच्या बदल्यात काही मुलांना मोफत शिकवण्याचं बंधन ज्या शाळांवर आधीच आहे, त्यांना तेवढ्या जागांची प्रतिपूर्ती कायद्यानेच मिळत नाही. ही ओळ अशा मेसेजात कधी नसते.

खोटे दाखले, खोटे पत्ते? आहेत. त्यासाठी पडताळणी समित्या आहेत, त्यांनी काम करावं.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं. एका बाबांनी लगेच विचारलं, "मग मॅडम, तुमची मुलगी पालिकेच्या शाळेत का नाही?" प्रश्न रास्त होता. आमच्या गेटपासून पालिकेची शाळा चालत पाच-सात मिनिटांवर आहे. मुलीची बस रोज सकाळी तिच्या कुंपणाला घासून जाते आणि पुढे अर्धा तास फिरून तिला शाळेत सोडते. मी उत्तरात तेवढंच लिहिलं, आणि हेही की प्रवेशाच्या वेळी हे अंतर मला कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या मुलाची बस आमच्या मागूनच येते.