पृथ्वी लांब गेली म्हणे!

जुलै उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज येतोच. 'पृथ्वी सूर्यापासून लांब चालली आहे, ऑगस्टपर्यंत थंडी वाढणार, सर्दी-खोकल्याला जपा.' यंदा तासगावच्या थोरल्या दादानं टाकला, खाली हात जोडलेले. त्या सकाळी सव्वासातला मी मेलबर्नच्या अंधारात गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दंव खरवडत होतो. मला तर तो मेसेज पटायलाच हवा होता!

मेसेजचा पहिला अर्धा खराच आहे. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब, सुमारे 15 कोटी 20 लाख किलोमीटरवर असते आणि जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ, 14 कोटी 70 लाखांवर. पन्नास लाखांचा फरक ऐकायला दांडगा वाटतो, पण एकूण अंतराच्या तो जेमतेम 3 टक्के. मी दादाला फोन लावला. "जवळ गेल्यावर उकडत असेल, तर जानेवारीत तुम्ही रानात शेकोटी कशाला पेटवता? आणि त्याच महिन्यात आमचा तिळगूळ 40 अंशांत का पाघळतो?" अंतर दोघांना सारखंच. पृथ्वीचा आस 23.5 अंशांनी कललाय, म्हणून डिसेंबर-जानेवारीत दक्षिण अर्धा सूर्याकडे झुकलेला असतो. किरणं जास्त सरळ पडतात, दिवस लांबतो. मेलबर्नला डिसेंबरात पावणेपंधरा तासांचा दिवस, जूनमध्ये साडेनऊचा. सांगलीत मोठ्यात मोठा तेराच्या आसपास, लहानात लहान अकराच्या.

दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्यात सगळं उलटं, मग तुमची द्राक्षं आमच्यासारखी फेब्रुवारी-मार्चातच कशी येत्यात रं? फोटो तूच धाडलावतास की."

फोटो मिल्डुराचा होता, मेलबर्नपासून पाचशेहून जास्त किलोमीटरवरचा, मनुक्याच्या बागांचा. मी गप्प. नंतर विचार केला तेव्हा उलगडलं. मिल्डुराचा वेल थंडीत पानं झाडून झोपतो, सप्टेंबरात कोंब काढतो आणि तिथल्या उन्हाळ्याच्या शेवटी पिकतो. त्याचं वेळापत्रक कललेली पृथ्वी ठरवते. तासगावचा वेल असा झोपतच नाही. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पाऊस ओसरता ओसरता सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ धरायला फळ छाटणी, मग जानेवारीपासून माल. तिथं ऋतू दादाच्या कात्रीत आहे, आणि कात्री पावसाच्या हातात.

परदेशात बसून घरच्या फॉरवर्डांना हसायची आम्हा मंडळींना सवय असते. इथलेही काही कमी नाहीत. भर उन्हाळ्यातल्या नाताळात दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चिकटवतात, ते कुणाला खटकत नाही. मेसेज चुकीचाच आहे, पण तो सांगलीत का खपतो हे मला आता कळतं. सांगलीच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो, मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये सावली पायाखाली जाते, सगळे घामाघूम. ऑगस्टमध्येही तितकाच माथ्यावर असतो, पण बघतो कोण? वर ढगांची गोधडी, खाली कृष्णेच्या पाण्याकडं लागलेले डोळे. गार वाटतं ते ढगांनी आणि वाऱ्यानं, आणि मेसेज म्हणतो अंतरानं.

गंमत म्हणजे तो वारा आमच्याच बाजूचा. इकडच्या हिवाळ्यात दक्षिण हिंदी महासागरावर हवेचा दाब वाढतो, तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि नैर्ऋत्येकडून सह्याद्रीवर आदळतात. इकडची थंडी आणि दादाचा पाऊस, दोन्ही एकाच कलण्याची लेकरं. हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "मग तुमच्यातनंच आवरा की जरा."

परवा पुन्हा बोललो. सप्टेंबर संपत आलाय. मिल्डुराच्या वेलांना कोंब फुटलेत. दादाची कात्री धार लावून तयार आहे, पण रानात अजून चिखल आहे.