चॅनेल सरकतो म्हणजे ट्यूनर गेला, असे नाही

जुन्या पुश-बटण टीव्हीत लावलेला चॅनेल आपोआप सरकू लागला की ट्यूनरचा (चॅनेल निवडणाऱ्या भागाचा) डबाच बदला, असा सल्ला फिरतो आहे. बहुतेकदा तो पैसे वाया घालवणारा. या ट्यूनरमधल्या व्हॅरॅक्टर डायोडना (व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स बदलणारे डायोड) मिळणाऱ्या ०–३० व्होल्टवर चॅनेल ठरतो; यूएचएफवर (वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलवर) ०.१ व्होल्टचा फरकही चित्र बिघडवतो. सगळेच चॅनेल सरकत असतील तर हे व्होल्टेज स्थिर ठेवणारा ३३ व्होल्टचा स्टॅबिलायझर (टीएए५५० किंवा झेडटीके३३ हा भाग) तपासा, किंवा ट्यूनिंग लाइनवरचा कपॅसिटर लीक आहे का ते पाहा. एकच सरकत असेल तर त्याच्या प्रीसेटचा (त्या बटणाचे व्होल्टेज ठरवणाऱ्या फिरत्या रेझिस्टरचा) ट्रॅक मळला असणार. खात्रीसाठी सेट बंद करून ट्यूनरच्या ट्यूनिंग पिनची तार सोडवा, बाहेरून स्थिर व्होल्टेज १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून द्या आणि सेट चालू करा. चित्र टिकले तर ट्यूनर ठणठणीत. चॅसी (आतला धातूचा सांगाडा) घरच्या विजेच्या मेनशी थेट जोडलेली असू शकते, म्हणून सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.