आरसा सोडा, हरल्यावर काय होतं ते बघा

नमस्कार ताई,

नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडून इतरांना कमी लेखणाऱ्या, मुलांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू. ‘आरशासमोर तासभर उभं राहणारं प्रत्येक पोर नार्सिसिस्ट का? आणि खापर शेवटी आईबापांच्याच डोक्यावर?’ असं तुम्ही विचारलंत. पहिल्या प्रश्नावर माघार घेते. ‘तुमच्या घरातला छोटा नार्सिसिस्ट’ हा त्या लेखाचा मथळा चुकलाच, आजच बदलते.

किशोरवयात सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटत असतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये याला नाव दिलं: ‘काल्पनिक प्रेक्षक’. नाकावर एक पुटकुळी उठली की वर्गात पाऊल टाकवत नाही. ही धास्ती आहे, घमेंड नव्हे, आणि बहुतेकांची ती वयाबरोबर ओसरते. अठराच्या आतल्या मुलांवर नार्सिसिझमसारख्या व्यक्तिमत्त्वविकाराचा शिक्का मारायला डॉक्टरही कचरतात. मी तो मथळ्यात मारून मोकळी झाले.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र भांडणार आहे. ‘कौतुक केलं तर बिघडलं कुठे?’ असंही तुम्ही विचारलंत. काहीच नाही. पण कौतुक आणि डोक्यावर चढवणं यांत फरक आहे. नेदरलँड्समध्ये ७ ते ११ वर्षांची ५६५ मुलं आणि त्यांचे पालक यांचा काही काळ पाठपुरावा करून एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आमचं मूल इतरांपेक्षा खास, त्याला जास्त मिळायलाच हवं’ असं मानणाऱ्यांच्या मुलांत पुढे आत्मप्रौढी वाढलेली दिसली. ज्या मुलांना घरातून माया मिळतेय असं जाणवत होतं, त्यांचा आत्मसन्मान वाढला. म्हणजे लाड करा की. ‘तू मला आवडतोस’ आणि ‘तुझ्यासारखं कुणीच नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढंच. अर्थात हा परिणाम फार मोठा नव्हता, आणि मूल स्वभावाचं काहीतरी जन्मतःच घेऊन येतं. त्यामुळे सगळं खापर तुमच्यावर नाही, थोडं आहे.

आता तो आरसा. मी तिकडे बघतच नाही, मूल हरल्यावर काय करतं ते बघते. माझ्या ओळखीतला एक चौदा वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीशी बुद्धिबळ हरला. ‘मी लक्षच देत नव्हतो,’ म्हणाला, पट उधळला आणि तिला मूर्ख म्हणून खोलीत गेला. बघणाऱ्याला वाटावं, काय हा माज! तासाभराने बाहेर आला तो आईला हळूच विचारायला: ‘बाबांना सांगणार आहेस का?’

हे विचारताना, आई म्हणाली, त्याचे कान लाल झाले होते. ती लाज आहे. त्या घरात ‘आमचा हा कधी हरत नाही’ हे वाक्य पाहुण्यांसमोर इतक्यांदा म्हटलं गेलंय की हरणं म्हणजे त्याला घरातली जागाच जाणं वाटत असणार. अशा मुलाचं नाक वर दिसतं, पण आत कातडी फार पातळ असते. टोचलं की ते चिडतं, दुसऱ्याला खाली पाडतं. हरल्यावर अर्धा दिवस फुगून बसणारी पोरं वेगळी. ती जेवायच्या वेळी परत येतात.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंय की तो चिडतो, पण नंतर ‘सॉरी’ म्हणायला स्वतःहून येतो. मग आरशाचं घड्याळ लावू नका, ताई. उभा राहू दे तासभर.